चाळिशीनंतरचा वाद्यवृंद
(विश्वस्त निधीच्या महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. ती आम्ही पाळणार आहोत. मात्र हे शिक्षण मुलांचे नसून त्यांच्या बापांचे आहे. गतवर्षी आम्ही पाच मित्रांनी एक वाद्यवृंद काढला. एक शिंपी, एक मोटार दुरुस्त करणारे, एक किराणा दुकानदार, एक कचेरीतील कारकून आणि आम्ही शाळामास्तर. पाचही जण चाळिशी ओलांडलेले. पेटी-ढोलकाच्या जोडीला विजेवर चालणारी गिटार आणि विलायती ड्रम आहेत. या संगीताला रॉक म्हणतात. गावात बरेच हसू झाले, आणि 'या वयात हे कशाला?' असे वडीलधाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देणे आमचे कर्तव्य ठरते.

पहिला आक्षेप असा की, हे पोरांचे खूळ आहे. इंग्लंडात लिव्हरपूल येथे १९५६ साली शाळकरी मुलांनी 'क्वारीमेन' नावाचे पथक काढले, हे खरे. जवळ पैसा नव्हता. तेव्हा कपडे घासण्याची पन्हळी फळी हे तालवाद्य झाले, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी व दोरी लावून खर्जाचे वाद्य तयार झाले. त्यातूनच पुढे जगप्रसिद्ध 'बीटल्स' उदयास आले. परंतु आम्हांस मोलाची वाटते ती मागे राहिलेल्यांची गोष्ट. त्यांच्यातील ड्रम वाजवणारे गृहस्थ खुर्च्या मढवण्याचा धंदा करीत. कीर्ती दुसऱ्यांच्या वाट्याला गेली; तरी हे जुने सोबती १९९७ साली, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा एकत्र आले आणि वाजवू लागले. त्यास खूळ म्हणावे की मैत्री, हे आपणच ठरवावे.

दुसरा आक्षेप आमच्या समाजातून येतो. वाद्यांविषयी आमच्यात मतभेद आहेत, आणि ज्यांना ती वर्ज्य वाटतात त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण ही भूमी सुरांस परकी नाही. १६१९ साली बीदर जिंकणाऱ्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह दखनीत रचला. त्यात सरस्वतीचे व गणपतीचे स्तवन आहे, तसेच कलबुर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाजांचेही. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असे नाव दिले होते. इकडे हुमनाबादजवळ माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठीत, कानडीत आणि हिंदीतही पदे रचली. त्यांच्या दरबारात गवयांचा मान मोठा होता.

तिसरा आक्षेप बोटांचा. वय झाल्यावर बोटे वळत नाहीत, असे म्हणतात. साध्या रॉकगीताला सा, म आणि प यांवर उभारलेले तीन स्वरमेळ बहुधा पुरतात; रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत ते हाती बसतात. अवघड आहे ते ऐकणे. वर्गात आमचा शब्द अखेरचा असतो, तालमीत आमचे शिंपी मित्र हात वर करून सांगतात, "मास्तर, तुम्ही पुढे पळालात!" मग पहिल्यापासून सुरुवात. चाळिशीनंतर असे सांगणारा भेटणे हेच मोठे शिक्षण होय.

आता मुद्द्याकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून सीमाभागात भाषेवरून पुष्कळ मने दुखावली. आमच्या तालमीत कानडी घरचे कारकूनसाहेब मराठी गाणे म्हणतात, मराठी दुकानदार दखनी म्हणतात, आणि उच्चार चुकला की सारेच हसतात. मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला निघून गेली. मागे उरलेला माणूस संध्याकाळी मोबाईल हाती घेऊन एकटा बसतो. औषधपाण्यास निधी मदत करतो, शिष्यवृत्त्या देतो. या एकटेपणावर मात्र अद्याप तजवीज नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ आम्हांस मिळावे. काही विश्वस्तांचा यास विरोध आहे, हे आम्ही जाणतो. विजेचे बिल आम्ही भरू. अजान आणि आरती यांच्या वेळी वाद्ये बंद राहतील. रात्री नऊनंतर आवाज होणार नाही. आणि गावातील कोणत्याही मुलास अथवा मुलीस विनामूल्य शिकवू. सहा महिने पाहावे. उपद्रव वाटला तर किल्ली परत मागावी, आम्ही तक्रार करणार नाही.

निधीची पहिली देणगी कोणी धान्याची दिली असेल, कोणी रोख. आमच्याजवळ देण्यासारखी ही एक संध्याकाळ आहे. ती स्वीकारावी, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.