रिपोर्ताज, बखर आणि चीनचा इतिहास
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



गणेशोत्सवात चीनचा विषय कशाला, असे पत्रिका पाहून काहींनी विचारले. अरुण साधूंचे ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’ आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. चीनची क्रांती कशी झाली ते आपण त्यातून वाचले. पण क्रांतीनंतर राज्य कसे चालले, तालुक्याच्या गावात कोणाचा शब्द चालायचा, हे कशावरून कळावे? पक्षाची दप्तरे अभ्यासकाला सहसा उघडत नाहीत. वर्तमानपत्रे पक्षाचीच. अशा वेळी एक वेगळे साधन कामी येते, ते म्हणजे तिकडचे रिपोर्ताज.

चिनी भाषेत त्याला ‘बाओगाओ वेन्श्वे’ म्हणतात, शब्दशः अहवाल-साहित्य. १९३०च्या दशकात डाव्या लेखकांनी हा प्रकार रुजवला. शांघायमधील जपानी मालकीच्या कापडगिरण्यांत कंत्राटाने जखडलेल्या मुलींवर श्या यान यांनी १९३६ साली लिहिलेला लेख आजही नावाजला जातो. अनिल अवचटांचे ‘पूर्णिया’ वाचलेल्यांना ही जात ओळखीची वाटेल.

आता खरी अडचण. हे साहित्य आहे. त्यात संवाद असतात, पात्राच्या मनातले विचार असतात, आणि लेखक तर तिथे हजर नसतो! मग इतिहासकाराने त्यावर विसंबायचे कसे? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बखरींबद्दल राजवाड्यांनी तो केव्हाच विचारला होता. त्यांचा भर अस्सल पत्रांवर, बखरीवर त्यांचा भरवसा नव्हता. तरीही भाऊसाहेबांची बखर आपण टाकून दिली नाही. तारखांसाठी नव्हे, पण पानिपताचा घाव त्या काळच्या माणसाने कसा सोसला हे समजायला ती आपण वाचतोच. रिपोर्ताज तसाच वाचावा, असे माझे मत आहे. फक्त त्यातले काय उचलायचे आणि काय सोडायचे, हे नीट कळले पाहिजे.

ल्यू बिनयान यांचे उदाहरण घेऊ. १९५६ साली त्यांनी नोकरशाहीवर टीका करणारे लेखन केले, १९५७ मध्ये त्यांच्यावर ‘उजवे’ असा शिक्का बसला. तो पुसला जायला १९७९ उजाडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘रन्मिन वेन्श्वे’ म्हणजे ‘जन-साहित्य’ या मासिकात त्यांचा रिपोर्ताज आला. नावाचा अर्थ साधारण ‘माणूस की राक्षस’. विषय होता वांग शोउशिन ही बाई. उत्तरेकडच्या हेइलाँगजियांग प्रांतात बिन नावाच्या तालुक्याएवढ्या मुलखात सरकारी कोळसा कंपनीत ती रोखपाल होती. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत तिथलीच व्यवस्थापक झाली. अफरातफर पाच लाख युआनच्या वर. शहरी नोकरदाराचा सरासरी वार्षिक पगार तेव्हा सहाशे-साडेसहाशे युआन होता, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. १९८०मध्ये तिला मृत्युदंड झाला.

इतके वर्तमानपत्रातूनही कळते. ल्यू यांनी दाखवले ते वेगळे. त्या प्रांतातला हिवाळा हाडे गोठवणारा. कोळसा सरकारी वाटपाचा, त्यामुळे चांगला कोळसा कोणाला आणि मातीमिश्रित कोणाला, हे वांगबाईच्या हातात. चांगला कोळसा अधिकाऱ्यांच्या घरी जायचा. बदल्यात नेमणुका व्हायच्या, तक्रारी दाबल्या जायच्या, खेड्यात कामाला पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांची सोय लागायची. या व्यवहारात पैसा फारसा दिसतच नाही, उपकाराची परतफेड उपकाराने होते. पक्षाचे सभासद कोण, तपासणारे कोण आणि खाणारे कोण, याची सरमिसळ झालेली. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत सत्ता कशी वटवली जाते, याचा इतका बारीक हिशेब सरकारी अहवालात सापडणे अवघड. तो अहवाल एका चोर बाईपाशी थांबतो.

प्रांतातल्या वरिष्ठांनी पुढे या लेखातल्या तपशिलांवर आक्षेप घेतले. ते सगळेच खोटे मानायचे कारण नाही. वांगबाईच्या मनात अमुक क्षणी काय आले, हे ल्यू यांना कसे कळणार? ते तिथे पोचले प्रकरण फुटल्यावर. तो भाग मी बखरीसारखा बाजूला ठेवतो. कोळशाच्या देवघेवीचा भाग मात्र ठेवून घेतो, कारण तो अनेकांना विचारून जुळवलेला आहे. ल्यू यांना १९८७च्या जानेवारीत पक्षातून काढले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि २००५ मध्ये तिथेच वारले.

दुसरे म्हणजे छापल्याची तारीख. हे लेखन सरकारी मासिकांत येई, म्हणून ते कधी छापू दिले हाही पुरावाच. श्यू छ यांचा ‘गोल्डबाखचा तर्क’ हा लेख जानेवारी १९७८चा. सहा चौरस मीटरच्या खोलीत गणित करत बसलेल्या चेन जिंगरुन यांच्यावर तो आहे. सांस्कृतिक क्रांतीत अशा विद्वानांची हेटाळणी झाली होती. मार्चमध्ये विज्ञान परिषदेत तंग श्याओफिंग यांनी बुद्धिजीवी हे कामगारवर्गाचाच भाग असल्याचे जाहीर केले. लेख आधी आला, भाषण नंतर! वारा कुठून वाहतो आहे हे वाचकांना गणितज्ञाच्या चरित्रातून आधीच कळले होते. सांस्कृतिक क्रांती चुकीची होती हे पक्षाने ठरावाने म्हटले ते १९८१ साली.

आणि कधी कधी रिपोर्ताजची उलटतपासणीही होते. छेन ग्वेईदी आणि वू छुनथाओ या पतिपत्नींनी आन्ह्वेई प्रांतातल्या शेतकऱ्यांवर लादलेल्या करांचा आणि जुलमाचा शोध घेतला. २००४च्या जानेवारीत पुस्तक आले, काही आठवड्यांतच विक्री थांबवली गेली. पुस्तकात ज्याचे नाव होते अशा एका माजी पक्षसचिवाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. २००४च्या ऑगस्टमध्ये फूयांगच्या न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा ज्यांच्यावर बेतले होते ते शेतकरीच साक्षीला उभे राहिले. लेखकाने लिहिले ते आपल्या तोंडाने पुन्हा सांगू लागले. राजवाड्यांना हवा असलेला कागद, म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्याची जबानी, असा त्या पुस्तकाच्या शेजारी येऊन पडला. शेतीवरचा तो जुना कर सरकारने १ जानेवारी २००६ पासून रद्द केला. त्याला हे पुस्तक कितपत कारण झाले, यावर अभ्यासक वाद घालोत. पुस्तक चीनमध्ये चोरून छापले गेले आणि भरपूर वाचले गेले.