गोबरगॅस संयंत्रातील जिवाणूंची निगा



संयंत्राच्या घुमटाला तडा नाही, पाइप गळत नाही, तरीही शेगडी नीट पेटत नाही, असा अनुभव काहींना येतो. घरात पुन्हा चूल पेटते आणि धूर बायकांच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी गवंड्याला बोल लावण्याआधी टाकीतील जिवाणूंकडे पाहावे.

गॅस दोन टप्प्यांत तयार होतो. पहिल्या गटातील जिवाणू शेण कुजवून आम्ले तयार करतात. दुसऱ्या गटातील जिवाणू त्यापासून मिथेन बनवतात. पहिले झपाट्याने वाढतात, दुसरे सावकाश. त्यांना प्राणवायू मुळीच सोसत नाही. हा मेळ बिघडला की आम्ल साठते, सामू उतरतो आणि मिथेन कमी पडल्याने गॅस जळेनासा होतो. चांगल्या गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के असतो.

२ घनमीटर संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण व तितकेच पाणी लागते. एक किलो शेणापासून जवळजवळ ४० लिटर गॅस मिळतो. एवढ्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. मात्र चार दिवस काही न घालता पाचव्या दिवशी पाट्याच्या पाट्या ओतू नयेत. काल्यातील काडीकचरा व माती काढून टाकावी. नाहीतर वर साय धरते आणि तळाशी गाळ बसतो.

हे जिवाणू ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने काम करतात, १५ अंशांखाली फार मंदावतात. म्हणून थंडीत काला उन्हात तापलेल्या पाण्याने कालवावा व दुपारी टाकीत सोडावा.

संडास जोडला असल्यास त्यात फिनाईल टाकू नये. गोठा धुतलेले साबणाचे किंवा औषधाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. जनावराला प्रतिजैविक औषध चालू असेल, तर त्याचे शेण तेवढे दिवस उकिरड्यावर टाकावे.

टाकी आंबलीच, तर शेण घालणे काही दिवस थांबवावे. चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातील ताजी मळी आणून विरजणासारखी मिसळावी. गॅस निळ्या ज्योतीने जळू लागला, की थोड्या शेणापासून सुरुवात करून मात्रा हळूहळू पूर्ववत करावी.

बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे. म्हणजे एकाच शेणातून इंधनही मिळते आणि शेताचे खतही बुडत नाही. गोवरी थापून जाळली, तर खत हातचे जाते. तेव्हा गोठ्यातील जनावरांप्रमाणे टाकीतील या जिवाणूंनाही रोज वेळेवर, बेताने खाऊ घाला.