पलीकडचा काठ दिसणारा समुद्र

श्रोतेहो, थंडी पडली की मुंबईची मंडळी एखादा रविवार गाठून रेल्वेने केळव्याला जातात, समुद्र पाहतात आणि रात्रीच्या जेवणाला घरी परततात. आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकरांच्या नशिबी हे नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्याकडेही समुद्र होता. राजुरा-कोरपन्याकडचा जो चुनखडक आज सिमेंटच्या कारखान्यांत जातो, तो त्याच्याच तळाशी साचलेला. पण आम्हाला जन्माला यायला जरा उशीर झाला!

आम्ही चार मित्र कॉलेजात एका खोलीत राहायचो. 'एकदा समुद्र पाहायचा' हा बेत तेव्हापासूनचा. कधी कुणाची पेरणी आली, कधी कुणाच्या मुलीचे लग्न. शेवटी डिसेंबर 2017 मध्ये ठरवले, की समुद्र होईल तेव्हा होईल, तूर्त घोडाझरीला जाऊ.

भेटायचे नागभीड स्टेशनवर. मी चांदा फोर्टहून गोंदियाच्या पॅसेंजरमध्ये बसलो. गाडी शहराबाहेर पडली, की जंगलच सुरू होते. केळझर, मूल, राजोली. खिडकीची काच लावूनही कानाला मफलर लागतो. सिंदेवाहीला शेतकरी मित्र चढला. त्याच्या पिशवीत लाखोरीच्या डाळीचे वडे आणि सांबारवडी. गडचिरोलीचा मित्र वडसा स्टेशनवरून उलट्या दिशेने आला. नागपूरचा मित्र आदल्या दिवशीच छोट्या गाडीने येऊन मुक्कामाला होता. सुमारे 110 किलोमीटरची ती नॅरोगेज. तिच्यात बसले, की घाई आपोआप सुटायची. चौघे जमलो आणि काळीपिवळीने तलावावर पोहोचलो.

घोडाझरीचा तलाव इंग्रजांच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तिन्ही बाजूंनी जंगलाच्या टेकड्या आणि समोर पाळ. ऊन कोवळे होते. चक्रवाक बदकांची एक जोडी पाण्यावर बसली होती. हिमालयापलीकडून येऊन ती आमच्याकडे हिवाळा काढतात. नागपूरचा मित्र फोटो काढत म्हणाला, "हाच आपला समुद्र!"

शेतकरी मित्र मात्र पाण्याकडे पाहत नव्हता. तो पाहत होता पाण्याची रेषा. त्या वर्षी पूर्व विदर्भात पाऊस कमी झाला होता. पाणी पाळीपासून बरेच मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या दगडांवर जुन्या पातळीचा पट्टा दिसत होता. त्याची बांधी नहराच्या अगदी शेवटच्या टोकाला. धान लोंबीत असताना शेवटचे एक पाणी लागते. तेवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. निम्मे धान पोचट निघाले. सहा महिने फोनवर बोलत होतो आम्ही, पण हे त्याने सांगितले नव्हते.

मी म्हणालो, "अबे, चल एकदा मुंबईले. खरा समुद्र पाहू."

तो हसला. "समुद्राचं पाणी बांधीत जाते का? मले तर हाच तलाव काठोकाठ पाहाचा आहे."

कुणीच काही बोलले नाही. वडे तसेच हातात राहिले.

श्रोतेहो, याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळी लोंबी हेरली आणि त्यातून एचएमटी तांदूळ दिला. 2018 साली ते गेले. त्यांचा तांदूळ दूरदूरच्या ताटांत पोहोचला. पण तो पिकतो तलावाच्या आणि बोडीच्या भरवशावर, हे जेवणाऱ्याच्या ध्यानात नसते. माझ्याही नव्हते. घोडाझरीला मी अनेकदा गेलो होतो, ते सहलीला. नहर कुठे संपतो, हे एकदाही विचारले नव्हते.

पुढे 2018 मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर 2019 मध्ये छोटी गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. समुद्र आम्ही अजून पाहिलेला नाही. पण दरवर्षी पावसाळा सरता सरता मी सिंदेवाहीला फोन लावतो. आधी प्रकृती विचारत नाही. विचारतो, "घोडाझरी किती भरला?"

तिकडून "सांडव्यावरून वाहून राहिला" असे उत्तर आले, की आमची हिवाळ्याची सहल पक्की.