घरपोच बाटली आणि आडवी बाटली



ज्या मंडईच्या छायेत ही सभा भरली आहे, तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध १८८० साली त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. आज प्रश्न दुकानाचा उरलेला नाही. मोबाइलवर मागणी नोंदवून बाटली घरपोच देण्याचा धंदा काही कंपन्यांना हवा आहे आणि कायद्याच्या अडचणींबद्दल त्यांची कुरकूर चालू आहे.

या अडचणी कोणत्या? १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचा पाया मनाईचा आहे. विक्री, वाहतूक, बाळगणे, पिणे या प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो. पिणाऱ्याचा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव असतो. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. कलम २४ अन्वये जाहिरातीस मनाई आहे. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. शिवाय मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात दिला आहे.

परंतु या भिंती वाटतात तितक्या भक्कम नाहीत. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत तिजोरी आटताच, राज्य सरकारने साध्या आदेशाने परवानाधारक दुकानांना घरपोच विक्रीची मुभा दिली. ओडिशा आणि पश्चिम बंगालने तर त्याच वर्षी खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या कंपन्यांनाही या व्यवहारात वाट करून दिली.

खरी लोकांच्या हातातली अडचण एकच आहे. २००८ च्या आदेशानुसार प्रभागातील २५ टक्के महिलांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावे लागते आणि आवश्यक तेवढी मते ‘आडव्या बाटली’ला पडली, तर दुकान बंद होते. अनेक वस्त्यांतील कष्टकरी बायांनी धाकदपटशा सोसून ही लढाई जिंकली आहे. दुसऱ्या प्रभागातली बाटली दुचाकीवरून त्याच गल्लीत येऊ लागली, तर त्या मतदानाला अर्थ काय राहिला?

आणि दारात वय व परवाना तपासायचा कोणी? खेपेमागे मजुरी मिळणाऱ्या पोराने! त्याने नकार दिला तर त्याची खेप बुडणार. बाटली दिली तर गुन्हा त्याच्याच माथी बसण्याचा धोका.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. असा निर्णय आदेशाने परस्पर होऊ नये. तो विधिमंडळात उघड चर्चेनंतरच व्हावा. जेथे बाटली आडवी झाली, तेथे घरपोच विक्रीलाही बंदी असावी. कायदेभंगाची जबाबदारी परवानाधारकावर आणि कंपनीवर असावी, मजुरावर नव्हे. कंपन्यांचे म्हणणे सरकारदरबारी पोहोचतेच. वस्तीतल्या बाईचे म्हणणे तेथवर नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.