मिसिसागाच्या महापौर हेझल मॅकॅलियन



परदेशी स्त्रीचे चरित्र ज्ञातिसभेत कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या महापौरांस मान पुष्कळ. कारभाराचा अधिकार मात्र १८८८ च्या कायद्यान्वये आयुक्तांकडे. त्यामुळे हे पद शोभेचेच, अशी आमची समजूत झाली होती. कॅनडातील मिसिसागा नगरीच्या हेझल मॅकॅलियन यांनाही नगरसभेत मत एकच होते. तरीही १९७८ पासून २०१४ पर्यंत, सलग छत्तीस वर्षे, नागरिकांनी त्यांनाच निवडले.

१० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री तेथे मालगाडी रुळांवरून घसरली. वायूच्या टाक्यांचे स्फोट झाले. एका टाकीतून विषारी क्लोरीन बाहेर पडू लागला. दोन लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. धावपळीत बाईंचा पाय मुरगळला. तशाच लंगडत त्या वार्ताहरांपुढे येत आणि नागरिकांस वस्तुस्थिती सांगत. एकही मनुष्य दगावला नाही. लोकांचा त्यांच्यावरील विश्वास त्या आठवड्यात दृढ झाला, असे आम्हांस वाटते.

गौरवपर भाषणांत दोष झाकण्याची आपली रीत आज आम्ही मोडतो. स्वतःच्या जमिनीचा संबंध असलेल्या विषयावर मतदान केल्याबद्दल १९८२ मध्ये न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले. ती प्रामाणिक चूक मानून पद तेवढे राहू दिले. मतदारांनी हे सारे जाणूनच त्यांना पुनःपुन्हा निवडले.

तारुण्यात मॉन्ट्रियलला हॉकी खेळलेल्या या बाई त्र्याण्णवाव्या वर्षी पायउतार झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये, वयाची एकशे एक वर्षे पूर्ण केल्यावर, त्या निवर्तल्या.