घरातील कोळी आणि दंशाचा दोष

(शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



पावसाळ्याच्या दिवसांत वर्गातील एखाद्या मुलाच्या मानेवर वा गालावर भाजल्यासारखा तांबडा पट्टा उठलेला दिसतो. त्यावर बारीक फोड असतात व आग होत असते. विचारले असता मूल सांगते, “कोळी मुतला.” घरी आजीने तसेच सांगितलेले असते आणि आजीला तिच्या आजीने. वस्तुतः या प्रकरणात कोळ्याचा काडीमात्र संबंध नसतो. दिव्याच्या उजेडाला येणारा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी व काळ्या पट्ट्यांचा, सुमारे १ सेंटिमीटर लांबीचा एक भुंगेरा हा खरा अपराधी होय. शास्त्रज्ञ त्याला पेडेरस म्हणतात. तो चावत नाही, डंखही मारीत नाही. झोपेत तो अंगाखाली चिरडला गेला किंवा हाताने रगडला गेला, की त्याच्या शरीरातील दाहक द्रव कातडीस लागतो व दुसऱ्या दिवशी फोड उठतात. तेव्हा तो अंगावर बसल्यास थापट न मारता फुंकरीने उडवावा आणि ती जागा साबण व पाण्याने तत्काळ धुवावी, एवढेच पुरे.

अंगाच्या एकाच बाजूस कमरपट्ट्यासारखे फोड आले, तर ती बहुधा नागीण असते. कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून राहून पुढे केव्हातरी उचल खातो, त्याचे हे रूप. तिचाही आळ कित्येकदा कोळ्यावरच येतो आणि गेरूचा लेप देण्यात दिवस जातात. औषधाचा खरा गुण मात्र पहिल्या ३ दिवसांत येतो.

ज्याच्यावर इतके आळ येतात, तो घरातील कोळी आहे तरी कसा? प्रथम पाय मोजावेत. कीटकास ६ पाय असतात, कोळ्यास ८. कोळ्याला पंख नसतात, मिशाही नसतात आणि त्याच्या शरीराचे भाग दोनच. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. खेड्यातील घरात मात्र नेहमी भेटणारे चार-पाचच.

त्यांतील सर्वांत भय वाटायला लावणारा म्हणजे रात्री भिंतीवर पाय पसरून बसलेला तपकिरी, चपटा, मोठा कोळी. समुद्रावर जाळे टाकणाऱ्याचे व या जीवाचे नाव एकच. पण हा भिंतीवरचा कोळी शिकारीसाठी जाळे विणीतच नाही. झुरळाच्या मागे धावून तो त्याला पकडतो. चपट्या अंगामुळे दाराच्या फटीत सहज शिरतो. मादी आपली अंडी पांढऱ्या, चपट्या, वाटोळ्या पिशवीत घालून ती पोटाखाली धरून हिंडते. हे दृश्य मुलांनी एकदा पाहिले, की त्यांचा केरसुणी उचललेला हात आपोआप थबकतो. मुठीत धरला तर तो चावेल, थोडे दुखेल व सुजेल. अधिक काही होत नाही.

आढ्याच्या कोपऱ्यात उलटा लोंबणारा, केसासारख्या लांब पायांचा, तो दुसरा. त्याच्या जाळ्याला बोट लावले, की तो अंग गदागदा हलवितो. घरातील जळमटे बरीचशी याचीच. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून ठेवते. याचे विष जगात सर्वांत जहाल, अशी एक कथा परदेशातून आली आहे. तिला आधार नाही. तिसरा खिडकीतील उड्या मारणारा, पुढच्या दोन डोळ्यांनी टक लावून पाहणारा, माशीवर मांजरासारखा दबा धरणारा. चौथा तिळाएवढा, भिंतीवरील लहानशा चपट्या जाळ्याखाली राहून मुंग्या खाणारा.

पेल्याखाली कोळी झाकावा, खालून पोस्टकार्डासारखा जाड कागद सरकवावा आणि परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांकडून पाय मोजवून घ्यावेत. नंतर कुंपणाशी सोडून द्यावा.

विष बहुतेक सर्वच कोळ्यांना असते, पण ते कीटकांपुरते. बिळात राहणारा केसाळ मोठा कोळी पावसात कधी घरात येतो. त्याचा दंश बराच दुखतो, म्हणून त्याला हात लावू नये. ज्याच्या दंशाने अंगभर तीव्र वेदना होतात, असा काळा कोळीही भारतात नोंदला गेला आहे. परंतु घरात तो क्वचितच आढळतो. २०१२ साली आसामातील सदिया भागात कोळी चावून दोघे दगावल्याच्या बातम्यांनी मोठी घबराट उडाली होती. त्यांच्या जखमा वैदूंनी पात्याने चिरल्या होत्या, त्यामुळे मृत्यू विषाने की चिरण्याने, हे ठरविता आले नाही. जखमेवर कोळीष्टक दाबून रक्त थांबविण्याची चालही बंद व्हावी; त्यात धूळ व जंतू असतात.

कोळ्याच्या नावावर खपणारा सर्वांत घातक दंश मण्याराचा आहे. जमिनीवर झोपलेल्या मुलास मण्यार रात्री डसतो. दातांच्या खुणा पुष्कळदा दिसत नाहीत. सूज नाही, फारशी वेदनाही नाही. “कोळीबिळी चावला असेल,” म्हणून घरचे पुन्हा निजतात. पहाटे मुलाच्या पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. मग श्वास थांबू लागतो. तांबड्या विंचवाच्या दंशात दरदरून घाम, ओकाऱ्या व गार पडलेले हातपाय ही लक्षणे असतात. त्यावर प्राझोसिन या औषधाचा गुण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला.

यास्तव रात्री काही चावल्याचे सांगणारे मूल सकाळी शाळेत पेंगत असेल, तर त्याला रागे भरण्यापूर्वी त्याच्या पापण्या पाहाव्यात. त्या जड वाटल्यास वैदूची वा पालकांची वाट पाहत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मुलाला कुशीवर निजवावे, चालवू नये आणि त्याच्या तोंडात काही घालू नये.