जेलमधल्या माणसासाठी एक पत्र

वरळीच्या बीडीडी चाळींना तुरुंग काही नवा नाही. सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना तुरुंग पुरेनात, तेव्हा सरकारनं याच चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता.

चाळीतली आपली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं, आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपेचीही पाळी. तरी जमायचं. का? पॅसेजमध्ये वळकटी टाकता यायची, संडासाला रांग असली तर दुसऱ्या मजल्यावर जाता यायचं, भांडण झालं तर जांबोरी मैदान होतं. आता त्याच खोलीला संध्याकाळी बाहेरून कुलूप घाला आणि माणसं तेवढीच ठेवा. झाली बराक. आपल्या जवळच्या आर्थर रोड जेलची क्षमता ८०४ होती, तेव्हाही आत तीन-तीन हजार राहिलेत. त्यातल्या बहुतेकांचा गुन्हा अजून शाबितही झालेला नाही! चाळींच्या पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरात गेलेल्यांनी ती जुनी खोली एवढ्यात विसरू नये.

आता मुद्दा. कोणाचा भाऊ आत असला की घरचे म्हणतात, वकिलाला पैसे नाहीत, काय करणार? अहो, पत्र लिहा! १९८३चा पत्रकार शीला बर्से यांचा खटला मुंबईचाच. त्यांनी जेलमधल्या बायकांशी बोलून लॉकअपमधल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. बायकांसाठी वेगळं लॉकअप, तिथे महिला पोलीस, न्यायाधीशांची अचानक भेट, हे आदेश त्या पत्रातून निघाले. त्याआधी तिहारमधल्या सुनील बत्रानं लिहिलं होतं, तेही स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल. म्हणजे शेजाऱ्यानंही लिहिलेलं चालतं. पुन्हा सांगतो, शेजाऱ्यानंही.

मात्र ‘फार हाल आहेत हो साहेब’ एवढंच लिहू नका. बराक कुठली, कुठल्या तारखेपासून इन्सुलिन मिळालं नाही, कोणाकडे मागितलं, ते लिहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लिहा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००. मानवी हक्क आयोगाला लिहायचं तर घटनेपासून वर्षाच्या आत, नंतर तो हात घालत नाही. फी नाही, आणि मराठीत लिहा, बिनधास्त.

प्रभाकर संझगिरींचा १९६५चा खटला सांगायचा होता. स्थानबद्धतेत त्यांनी अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना, ते हायकोर्टात जिंकले, मग सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं... पण वेळ संपली म्हणून समोरून घड्याळ दाखवतायत. कच्च्या कैद्यांना गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढल्यावर जामिनाचं कलमही सांगायचं राहिलं, पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांशच. बरं, पत्राची एक झेरॉक्स जवळ ठेवा आणि पोस्टाची पावती टाकू नका.